उद्योजकालाही वस्ताद हवा



आम्ही शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर आणि नोकरीने बँकेतील लिपिक. व्यवस्थापनशास्त्राचा आमचा अभ्यास नाही. तरीही संयोजकांनी उद्योजकांच्या मार्गदर्शनाचा विषय आमच्याकडे सोपवला. कर्ज मंजूर झाल्यावर उजळलेले आणि हप्ता थकल्यावर उतरलेले चेहरे आम्ही काउंटरच्या आतून पाहिले आहेत, एवढाच आमचा अधिकार.

मोठ्या कंपन्यांत आज 'एक्झिक्युटिव्ह कोचिंग' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द इंग्रजी असला तरी कोल्हापूरकराला कल्पना नवी नाही. तालमीतला पैलवान कितीही नामांकित असो, त्याला वस्ताद असतोच. वस्ताद स्वतः लढत नाही, तो कडेला उभा राहतो. पैलवानाला स्वतःची पाठ दिसत नाही, ती वस्तादाला दिसते. दम कुठे तुटतो, कोणत्या पायावर भार जास्त पडतो, हे तो हेरतो. कारखान्याच्या किंवा कंपनीच्या प्रमुखाचा कोच हेच काम करतो. तो भांडवल देत नाही, हिशेब लिहीत नाही, हुकूमही सोडत नाही. ठरल्या दिवशी समोर बसतो, प्रश्न विचारतो, ऐकलेले स्वतःजवळ ठेवतो आणि पुढच्या भेटीत 'ठरले होते ते झाले का?' एवढे न चुकता विचारतो.

कोणी म्हणेल, हे नवशिक्यांसाठी ठीक आहे. तसे नाही. एरिक श्मिट २००१ साली गूगल कंपनीचे प्रमुख झाले. त्यांना कोच घेण्याची सूचना झाली तेव्हा ती त्यांना खटकली. आपण अनुभवी माणूस, आपल्याला कोच कशाला, असे त्यांना वाटले. पुढे त्यांनीच जाहीरपणे सांगितले की हा आपल्याला मिळालेला सर्वोत्तम सल्ला होता. त्यांचे कोच बिल कॅम्पबेल हे १९७४ ते १९७९ या काळात कोलंबिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. कोलंबियाचे नाव निघाले की आपले हात आपोआप जुळतात. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तेथेच शिकले.

परदेशातून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? सल्लागाराची जात कळली आणि गिऱ्हाईक येईनासे झाले. एवढ्या विद्वानाची ही गत झाली. व्यापाऱ्याच्या घरातला मुलगा जेवताना वडिलांकडून, चुलत्याकडून धंद्याच्या खाचाखोचा ऐकत मोठा होतो. त्याला कोच घरातच मिळतो, तोही फुकट. आपल्या घरातला पहिला उद्योजक हे ऐकायला कुठे जाणार?

आता आपल्याच गावाकडे वळू. राजर्षी शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतला. त्याआधी काही वर्षे ते धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली कारभाराचे शिक्षण घेत होते. म्हणजे राजालाही शिकवणारा लागला. पुढे हाच राजा दुसऱ्याचा पाठीराखा झाला. महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढण्यास मदत केली. गंगारामांनी चहाचे हॉटेल थाटले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. नुसते पैसे देऊन महाराज मोकळे झाले असते तर ते हॉटेल चालले असते का? भांडवलानंतरही कोणीतरी पाठीशी उभे राहावे लागते, हे महाराजांनी ओळखले होते.

आता आमची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण बंधू कर्ज घेऊन लेथ मशिनवर जॉब वर्क करू लागले. हात कुशल, मेहनत भरपूर. काम मात्र एकाच कंपनीचे आणि बिलाचे पैसे तीन-चार महिन्यांनी. इकडे बँकेचा नियम असा की हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते अनुत्पादक. त्यांनी हातउसने घेऊन हप्ते भरले, मग तेही थकले. एके दिवशी आम्ही विचारले, "दादा, आधी का बोलला नाहीत?" ते म्हणाले, "कुणाला विचारू साहेब? घरात धंद्यात पडलेला मीच पहिला. पैसे मागितले तर काम जाईल, ही भीती."

२००६ च्या कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते, उशिराबद्दल व्याजही द्यावे लागते. हे आम्हाला ठाऊक होते. त्यांनी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. पासबुक भरून परत देत राहिलो. आजही ते मनाला लागते.

अर्थात नुसती माहिती पुरली नसती. मागणी करण्याची भीती घालवणे हे कोचचे खरे काम. एकाच गिऱ्हाइकावर का विसंबलात, सगळी कामे स्वतःच का ओढता, घरखर्च आणि धंद्याचे पैसे वेगळे का नाहीत, हे प्रश्न वेळेवर कोणी विचारले असते तर उत्तरे त्यांनीच शोधली असती. मालकाला कामगारांपुढे काळजी दाखवता येत नाही, घरी सांगितली तर घरची माणसे घाबरतात. असे मन मोकळे करण्याचे एक ठिकाण मिळाले की राग आवरतो, घाईचे निर्णय टळतात, दुसऱ्यावर काम सोपवण्याचा विश्वास येतो. याचा फायदा एकट्या मालकाला होत नाही. त्याच्याकडे काम करणाऱ्या दहा घरांची चूल त्यावर अवलंबून असते.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. कोच म्हणजे जादूगार नव्हे. भांडवलाची उणीव किंवा जातीचा भेदभाव त्याच्या प्रश्नांनी नाहीसा होत नाही. हमखास यशाची हमी देऊन भरमसाट फी घेणाऱ्यांपासून दूरच राहावे.

२००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना उभी केली. २०१६ साली सुरू झालेल्या स्टँड अप इंडिया योजनेत १० लाख ते १ कोटी रुपयांच्या कर्जाबरोबर मार्गदर्शनाचीही तरतूद होती. पण कागदावरचे मार्गदर्शन आणि शेजारी बसलेला माणूस यांत फरक आहे. भगवान बुद्धांनी कल्याणमित्राला धम्मजीवनात केवढे मोठे स्थान दिले, हे आपण जाणता. धंद्यातही तो हवा.

म्हणून या सभेपुढे एक विनंती. आपल्यात निवृत्त बँक अधिकारी आहेत, फौंड्रीतले फोरमन आहेत, करसल्लागार आहेत, वीस वर्षे दुकान चालवलेल्या भगिनी आहेत. महिन्यातून दोन रविवार संस्थेच्या सभागृहात एक टेबल आणि चार खुर्च्या मांडू. नव्या उद्योजकाने यावे, बोलावे. आपण ऐकावे, विचारावे आणि ऐकलेले बाहेर नेऊ नये. पहिल्या रविवारी एका खुर्चीवर आम्ही असू. ज्या बंधूंना आम्ही वेळेवर सांगितले नाही, त्यांनाही आम्ही बोलावले आहे. त्यांनी येण्याचे कबूल केले आहे, तेही शिकवायला.



जय भीम! नमो बुद्धाय!