अनेक हातांचें गणित

वैशाख लागला म्हणजे गडचिरोली व चंद्रपूर ह्या जिल्ह्यांच्या रानांत तेंदूचीं पानें तोडण्याची एकच घाई उडते. पहांटेसच घरोघरचीं माणसें रानांत शिरतात. ज्याला जेथें झाड सांपडेल तेथें तो पानें तोडतो, घरीं येऊन पुडे बांधतो आणि संकलनाच्या जागीं ते मोजून देतो. कोणत्याहि घरास दुसऱ्या घरासाठीं खोळंबून राहावें लागत नाहीं. घरें दुप्पट झालीं कीं पुडेहि दुप्पट होतात. परंतु आलापल्लीच्या रानांतील सागाचा भला मोठा ओंडका हलवावयाचा असेल, तर ही रीत उपयोगी पडत नाहीं. शंभर माणसांनीं आपापल्या मनाप्रमाणें सुटें सुटें बळ लावलें, तर ओंडका तसूभरहि सरकणार नाहीं. तेथें एका वेळीं, एका दिशेनें, एकमेकांच्या ओढीशीं ओढ जुळवावी लागते. किंवा पूर्वी कमलापूरच्या हत्तींकडून घेत असत तशी एखाद्या बलाढ्य प्राण्याची मदत घ्यावी लागते.

कामांचे हे दोन प्रकार ध्यानांत ठेवले, म्हणजे संगणकाच्या जगांतील एक नवलाचा उद्योग समजणें सोपें जातें. जगांतील लक्षावधि हौशी माणसांनीं आपल्या घरच्या संगणकाचें बळ शास्त्रज्ञांस विनामूल्य दिलें आहे. मोठ्या गणिताचे लहान तुकडे करून ते इंटरनेटवरून घरोघर पाठवावयाचे, प्रत्येक संगणकानें आपला तुकडा सोडवून उत्तर परत धाडावयाचें, आणि सर्व उत्तरें एके ठिकाणीं जुळवावयाचीं, अशी ही योजना आहे. हिलाच वितरित गणन म्हणतात. 1999 सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठानें परग्रहांवरील बुद्धिमान जीवांचे रेडिओ-संकेत शोधण्यासाठीं ‘सेटी ॲट होम’ ही योजना सुरू केली. ती 2020 च्या मार्चपर्यंत घरोघर काम वाटीत होती. 2000 सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत ‘फोल्डिंग ॲट होम’ निघाली. तिचा विषय शरीरांतील प्रथिनें हा होय. प्रथिनाची लांब साखळी विशिष्ट घडी घालून बसते, तेव्हांच बहुतेक प्रथिनें आपलें काम करूं शकतात. ती घडी कशी पडते व कोठें बिघडते, हें गणितानें पाहावयाचें.

हा विषय ह्या वनजिल्ह्यांस परका नाहीं. येथील आदिवासी व इतर कांहीं समाजांत आढळणारा सिकलसेलचा आजार एका प्रथिनांतील दोषामुळेंच होतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळींत 146 दुवे असतात. त्यांतील सहावा दुवा तेवढा बदललेला असतो. एवढ्या लहानशा फरकानें, प्राणवायु कमी पडतांच, तांबडी रक्तपेशी विळ्यासारखी वांकते आणि रोग्यास असह्य वेदना होतात.

प्रथिनाची घडी हें सागाच्या ओंडक्यासारखें काम आहे. त्यांतील हजारों अणु एकमेकांस सतत ओढीत व ढकलीत असतात. एका क्षणाची स्थिति निश्चित झाल्यावांचून पुढच्या क्षणाचें गणित मांडतां येत नाहीं. म्हणून मोठ्या प्रथिनाचें गणित चालविण्यास अनेक गणकांनीं शेजारीं शेजारीं बसून, क्षणोक्षणीं एकमेकांस आंकडे सांगत काम करावें लागतें.

येथें मोठ्या कचेऱ्यांसाठीं बनविलेल्या सर्व्हर यंत्रांची गरज उत्पन्न होते. घरच्या संगणकांत प्रोसेसर बसविण्याची खोबण, जिला सॉकेट म्हणतात, ती एकच असते. सर्व्हरमध्यें अशा दोन, चार किंवा अधिकहि खोबणी असतात. 2010 सालीं एएमडी कंपनीनें बारा गाभ्यांचे ऑप्टेरॉन प्रोसेसर काढले. गाभा म्हणजे प्रोसेसरच्या पोटांतील एक स्वतंत्र गणक. असे चार प्रोसेसर एका मदरबोर्डवर बसविले, कीं 48 गणक एकाच यंत्रांत कामास लागत. ‘फोल्डिंग ॲट होम’नें अशा यंत्रांसाठीं खास मोठीं कामें काढलीं व तीं लवकर पुरीं करणारांस जादा गुण ठेवले. तेव्हां हौशी मंडळींनीं चार खोबणींचे मदरबोर्ड घरांत आणून मांडले.

तथापि प्रोसेसर चौपट केल्यानें काम चौपट होतेंच असें नाहीं. प्रत्येक खोबणीची मेमरी तिच्या जवळ असते. शेजारच्या खोबणीच्या मेमरींतून आंकडा आणावयाचा तर वाटेंत वेळ मोडतो. अंगणांतील विहिरीचें पाणी आणि दुसऱ्या आळींतील विहिरीचें पाणी, एवढा हा भेद आहे. ज्या प्रोसेसरवर काम चालू असेल, त्याचे आंकडे त्याच्याच मेमरींत राहतील अशी व्यवस्था करणें, हेंच अशीं यंत्रें चालविण्याचें खरें कसब. पुढें 2015 च्या आरंभीं तीं खास कामें बंद झालीं. 2019 पासून तर एकाच प्रोसेसरमध्यें 64 गाभे मिळूं लागले. चार खोबणींचें कालचें काम आज एका खोबणींत सामावतें.

आतां दुसऱ्या प्रकारचें काम पाहावें. मलेरियाचें गणित तेंदूच्या पानांसारखें आहे. रोनाल्ड रॉस यांनीं 1897 सालीं सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत मलेरियाचे जंतु पाहिले. प्रत्येक डांस मारण्याची गरज नाहीं, डांसांची संख्या एका मर्यादेच्या खालीं आणली तरी रोग ओसरतो, हें त्यांनींच पुढें गणितानें मांडलें. त्याच वाटेनें जाऊन स्वित्झर्लंडमधील बाझल येथील स्विस ट्रॉपिकल इन्स्टिट्यूटनें ‘मलेरियाकंट्रोल’ ही योजना हौशी लोकांच्या संगणकांवर चालविली. ती 2016 पर्यंत चालू होती. संगणकांत एक कल्पित वस्ती उभी करावयाची. तेथें मुलें जन्मतात, डांस चावतात, ताप येतो, औषध मिळतें किंवा मिळत नाहीं. मग विचारावयाचें कीं, मच्छरदाण्या वाटल्या तर किती मुलें वांचतील? औषध दोन दिवस उशिरां पोंचलें तर किती दगावतील? असे असंख्य प्रयोग निरनिराळे आंकडे घेऊन करावे लागतात. परंतु एका प्रयोगास दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाहीं. येथें साधे घरगुती संगणक पुष्कळ असले म्हणजे भागतें. चार खोबणींच्या यंत्राचा थाट नसला तरी कांहीं अडत नाहीं.

ती योजना मुख्यतः आफ्रिकेसाठीं होती. पण प्रश्न गडचिरोलीचाहि तोच आहे. महाराष्ट्रांत मलेरियाची गोष्ट निघाली, कीं ह्या जिल्ह्याचें नांव वर्षानुवर्षें पुढें येतें. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडची वाट तुटते. औषध उशिरां पोंचणें ही तेथें संगणकांतील कल्पना नसते; तापानें फणफणलेलें मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईला तो काळ घटकेघटकेनें मोजावा लागतो. आणि संगणकास जे आंकडे द्यावयाचे, ते तरी कोठून येतात? पाड्यावर पायीं जाऊन बोटांतून रक्ताचा थेंब घेणाऱ्या आशाताईंच्या व आरोग्यसेवकांच्या वहींतून. त्या वहींत एक ताप नोंदावयाचा राहिला, तर 48 गाभ्यांचें यंत्रहि तो शोधून काढूं शकणार नाहीं. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोलींत खेड्यांतील स्त्रियांस शिकवून नवजात बालकांची घरच्या घरीं काळजी घेवविली व प्रत्येक जन्ममृत्यूची नोंद ठेवली. 39 गांवांतील त्या कामाचा निष्कर्ष 1999 सालीं ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. मोजणी चोख होती, म्हणून जगानें ती मानली.

ज्या दानास फुकट म्हणतात, त्याचीहि किंमत कोणीतरी देत असतोच. चार प्रोसेसरांचें यंत्र 500 वॅट वीज घेतें असें धरलें, तर रात्रंदिवस चालल्यास दिवसाचे 12 व महिन्याचे 360 युनिट होतात. कोळशापासून एक युनिट वीज करण्यास आपल्या देशांत अदमासें दोन तृतीयांश किलो कोळसा जळतो. म्हणजे एका यंत्रापायीं महिन्याला सुमारें 240 किलो कोळसा, आणि त्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी राख! 2016 सालीं नवे संच सुरू झाल्यावर चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची शक्ति 2,920 मेगावॅट झाली. वीज राज्यभर जाते. धुराचा व राखेचा वांटा मात्र चंद्रपूरकरांकडे राहतो. शिवाय जेथें वैशाखांत पारा 45 अंशांपलीकडे चढतो, तेथें असें यंत्र म्हणजे बंद खोलींत पेटती शेगडीच; तें गार राखण्यास आणखी वीज खर्चावी लागते.

मोठें यंत्र वाईट, असा ह्याचा अर्थ नव्हे. विदर्भांतीलच अकोला जिल्ह्यांत मुरंबा येथें जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें 1991 सालीं ‘परम 8000’ हा महासंगणक उभा केला, तो अनेक प्रोसेसर एकत्र जोडूनच. त्याच संस्थेनें पुढें दोन खोबणींचा ‘रुद्र’ सर्व्हर देशांत तयार केला, आणि ‘परम रुद्र’ महासंगणक 2024 च्या सप्टेंबरांत देशास अर्पण झाले. जेथें ओंडका ओढावयाचा आहे, तेथें हत्ती हवाच.

ह्या जिल्ह्यांतील एखादा विद्यार्थी उद्यां आपल्या संगणकाचें बळ दान करूं म्हणेल, तर त्याचें कौतुकच केलें पाहिजे. मात्र त्यानें आधीं तीन गोष्टी विचारून घ्याव्या. हें काम पानांचें आहे कीं ओंडक्याचें? त्यासाठीं जळणाऱ्या कोळशाइतकें त्याचें मोल आहे काय? आणि जे आंकडे यंत्रांत घालावयाचे, ते गांवांत जाऊन कोणी नीट मोजले आहेत काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर नाहीं असें आलें, तर त्यानें यंत्र तूर्त बंद ठेवावें आणि वही घेऊन आशाताईंबरोबर पाड्याची वाट धरावी. गणिताचा आरंभ तेथूनच होतो.