पायी पाहिलेली दोन शहरे

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. एखादे गाव पाहण्याच्या आधीच ते आपल्याला ठाऊक आहे, असे त्याला वाटत असते. माझेही तसेच होते. वीस वर्षे मी वर्गात तंजावर शिकवत आलो. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तेथे गादी स्थापन केली, १८५५ मध्ये इंग्रजांनी ती खालसा केली, हे सारे तोंडपाठ. पण तंजावर डोळ्यांनी पाहिले नव्हते. गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता निघालो. मदुराई आणि तंजावर पाहायचे, आणि तेही पायीच, एवढेच ठरवले होते.

मदुराईचे जुने शहर मीनाक्षीच्या देवळाभोवती चौकोनात चौकोन काढावा तसे वसले आहे. रस्त्यांची नावे तमिळ महिन्यांवरून पडलेली. बाहेरून मासी रस्ता ओलांडून आत आत येत चित्तिरै रस्त्याला लागलात, की देऊळ आलेच. अशा गावात चुकायचे कसे, अशी माझी फुशारकी होती.

देवळात मोबाईल नेता येत नाही. आमचे दोन्ही बाहेर ठेवलेले. मी खांब पाहत, शिल्पे पाहत पुढे गेलो आणि काही सांगायला मागे वळलो, तर ही नाही! चारही दिशांना गोपुरे. मला तर ती सारखीच वाटू लागली. तमिळ येत नाही. पाऊण तास मी घामाघूम होऊन फिरलो. शेवटी सुवर्णकमळाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर ही शांतपणे बसलेली दिसली.

"अहो, तीन हाका मारल्या तुम्हाला," ती म्हणाली. "मग इथं बसले. दोघंही हिंडत राहिलो असतो तर भेटलोच नसतो."

मी काही बोलणार, तोच ती हळूच म्हणाली, "एकोणीस वर्षं झाली लग्नाला. तुम्ही नेहमी दोन पावलं पुढे. मला कुठलंही गाव दिसतं ते तुमच्या पाठीमागून."

श्रोतेहो, याला उत्तर नव्हते. मी म्हटले, "तंजावरला तू पुढे चाल."

आणि तंजावरला ती पुढे चालली. मार्गळीचा महिना. पहाटे दारोदारी बायका पिठाचे कोलम काढीत होत्या. ही प्रत्येक दारी थांबे. एका बाईंनी हसून हिच्या हातात पिठाची चिमूट दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ठिपके मात्र दोघींनाही येत होते. मी पिशवी धरून उभा. एकटा असतो तर एव्हाना राजवाड्यात पोचलो असतो.

पण त्या थांबण्यानेच एक लाभ झाला. आमचे बोलणे ऐकून एक वृद्ध गृहस्थ जवळ आले आणि मराठीत बोलू लागले. शब्द आपले, हेल तमिळ. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. लिहिणे-वाचणे मात्र सारे तमिळमध्ये. नागरी अक्षर आपल्याला लागत नाही, असे ते जरा संकोचाने म्हणाले.

राजवाड्यातले सरस्वती महाल ग्रंथालय आम्ही त्यांच्याबरोबरच पाहिले. दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढवलेला हा संग्रह. या राजाने 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात जगाचा भूगोल सांगितला आहे!

दुपारी देवळे मिटतात, म्हणून चारनंतर आम्ही तिघे बृहदीश्वराकडे गेलो. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरे केलेले हे देऊळ. शिखर २०० फुटांच्या आसपास उंच. त्याची सावली जमिनीवर पडत नाही अशी आख्यायिका आहे. पडते हो! त्या सावलीतच आम्ही घटकाभर टेकलो.

मग प्राकाराच्या भिंतीपाशी गेलो. १८०३ मध्ये सरफोजीराजांनी तेथे भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. मी त्याचे महत्त्व सांगू लागलो. हिने मला हातानेच थांबवले आणि भिंतीवरची अक्षरे एकेक लावीत, अडखळत, मोठ्याने वाचू लागली. ते गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. एखादे नाव ओळखीचे आले की मान हलवीत. जन्मभर ज्या भिंतीजवळून गेले, ती त्या दिवशी त्यांच्याशी त्यांच्या घरच्या भाषेत बोलली. वीस वर्षांच्या माझ्या व्याख्यानांनी असे काही घडल्याचे मला आठवत नाही.

म्हणून जाणाऱ्यांना एवढेच सांगतो. पहाटे निघा, दुपारी विसावा घ्या, चुकामूक झाली तर कोठे भेटायचे ते आधी ठरवा. आणि दोघांतले जे सावकाश चालते, त्याला पुढे चालू द्या.