हुकूम कोणाचा, हे आधी ठरलेले बरे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आगीपासून बचाव या विषयावर बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठे भाषण करण्याची मला सवय नाही. पण सकाळी उठल्याबरोबर जिचा पहिला संबंध विस्तवाशी येतो, तिने आगीबद्दल बोलायचे नाही तर कोणी बोलायचे? म्हणून उभी राहिले आहे. काही उणे वाटले तर सांभाळून घ्या.

दरवर्षी १४ एप्रिलपासून २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, हे आपणांपैकी पुष्कळजणींना माहीत असेल. शाळांतून मुलांना बंब दाखवतात, दोरावरून उतरण्याची प्रात्यक्षिके होतात. पण १४ एप्रिल हाच दिवस का, हे किती जणींना ठाऊक आहे? ती गोष्ट आपल्या मुंबईची आहे.

१९४४ साल. महायुद्ध चालू होते. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज कराचीहून १२ एप्रिलला मुंबईस आले आणि व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्याच्याच जोडीला कापसाच्या गासड्या, शिवाय तेलाची पिंपे, लाकूड आणि सोन्याच्या विटा. दारूगोळ्याशेजारी कापूस! आपण रॉकेलच्या डब्याशेजारी काडीपेटीसुद्धा ठेवत नाही.

१४ तारखेस दुपारी साडेबाराच्या सुमारास त्या जहाजातून धूर येताना आसपासच्या काहींनी पाहिला. पण कोणी बोलले नाही. जहाजावर माणसे आहेत, त्यांना ठाऊक असेलच, असे ज्याला त्याला वाटले. आग लागल्याची ओरड झाली ती दोन वाजण्याच्या सुमारास. म्हणजे तासाहून अधिक वेळ फुकट गेला. मग बंब आले. निरोप साध्या आगीसारखा पोचल्यामुळे आधी दोनच आले, आणि आत दारूगोळा आहे हे कळल्यावर पुढचे आले. अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः तेथे हजर झाले. जवान जहाजावर चढून पाण्याचा मारा करू लागले.

आता मला मुख्य सांगायचे आहे ते यापुढचे. धक्क्यावर मोठी मोठी माणसे जमली होती. जहाजाचा कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, लष्कराचे दारूगोळ्याचे जाणकार होते, बंबाचे प्रमुख होते. एक म्हणे जहाज येथेच बुडवा. दुसरा म्हणे ओढून समुद्रात न्या. तिसरा म्हणे पाणी मारीत राहा, आग आटोक्यात येईल. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या परीने खरे असेल. पण त्या सर्वांवर ज्याचा शब्द चालेल असा एकही माणूस तेथे नव्हता. दोन तास गेले, आणि ना जहाज बुडवले, ना हलवले.

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. जपानने बाँब टाकले असे समजून लोक रस्त्यांतून धावू लागले. माझ्या आजेसासूबाई त्या वेळी माझगावच्या बाजूस राहत असत. फडताळातील भांडी खाली आली आणि घरातील दिवा विझला, असे त्या सांगत. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. आगी आवरायला तीन दिवस लागले. आणि पाणी मारता मारता अग्निशमन दलाची ६६ माणसे जागच्या जागी गेली. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस सगळ्या देशात पाळला जातो.

मैत्रिणींनो, त्या ६६ जणांचे धैर्य कमी पडले का? मुळीच नाही. कमी पडली ती पूर्वतयारी. धूर दिसताच कोणी कळवायचे, काय शब्दांत कळवायचे आणि अखेरचा हुकूम कोणाचा, या तीन गोष्टी आधी ठरलेल्या असत्या तर त्यांच्या शौर्याचे चीज झाले असते. नुसते शूर असून भागत नाही. शूर माणसांना वेळेवर एक शब्द सांगणारा कोणीतरी लागतो.

बंबवाल्यांची कामाची रीत याच जाणिवेवर उभी आहे. गाडीवर कोणी कोठे बसायचे, नळी कोणी उलगडायची, शिडी कोणी धरायची, हे घंटा होण्यापूर्वीच ठरलेले असते. आगीच्या जागी अधिकारी एक, त्याचा शब्द सर्वांनी मानायचा. आत किती गेले, बाहेर किती आले, याची मोजदाद ठेवायची. आणि आग नसते तेव्हा रोज कवायत, रोज सामानाची तपासणी. आपण पापडकुरडया उन्हाळ्यात करतो त्या पावसाळ्यासाठी, तसेच हे.

पुढारी म्हटला की तो मागे खुर्चीवर बसणारा, असाही आपला समज असतो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीत गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. ती विझवताना इमारत कोसळली, आणि त्यात दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, तसेच सुधीर अमीन, संजय राणे व महेंद्र देसाई हे चार अधिकारी आपण गमावले. चौघेही अधिकारी होते आणि चौघेही आगीपाशी होते. त्यांचे स्मरण ठेवायचे तर हार घालून भागणार नाही. आपल्या हातून त्यांचे काम सोपे झाले पाहिजे.

ते आज सोपे आहे काय? गेल्या दिवाळीत आपल्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर फटाका पडला. आग लहान होती, ईश्वरकृपेने विझली. पण तेवढ्या वेळात काय झाले ते आठवा. सारेजण ओरडत होते. “पाणी आणा” म्हणणारे दहा, पाणी आणणारे दोघे. १०१ला फोन कोणीच केला नाही, कारण प्रत्येकाला वाटले दुसऱ्याने केला असेल. पलीकडच्या खोलीतील आजींना चालता येत नाही, त्यांची आठवण आग विझल्यावर झाली. आणि वाडीच्या तोंडाशी मोटारसायकली अशा लागल्या होत्या की बंब आला असता तरी रस्त्यावरच उभा राहिला असता. गोदीतलीच गोष्ट ही, फक्त आकाराने लहान. पुढल्या खेपेस ती लहान राहील अशी हमी कोण देणार?

घरातले नियम आपणा सर्वांना ठाऊक असले तरी उजळणी करते. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण लावू नका आणि बंदही करू नका. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि दारेखिडक्या उघडा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. मग बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवा. कढईतील तेल पेटले तर पाणी कदापि ओतू नका. गॅस बंद करून वर झाकण सरकवा. पदर पेटला तर पळू नका, जमिनीवर पडून लोळा. दुसरीने जाड सुती चादर किंवा घोंगडी लपेटावी. भाजल्यावर शाई, तूप, टूथपेस्ट काही लावू नका. नळाचे साधे पाणी वीस मिनिटे सोडा. धूर भरला तर तोंडावर ओला रुमाल धरून खाली वाकून चला. १०१ला फोन कराल तेव्हा पत्ता, मजला, काय पेटले आहे आणि आत कोणी अडकले आहे काय, हे सारे सांगा, आणि समोरचा ठेवीपर्यंत फोन ठेवू नका.

ही पुरुषांची कामे आहेत असे कोणी म्हणेल. दुपारी चाळीत असतात कोण? आपण, लेकरे आणि म्हातारी माणसे. आणि नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर या मुलीने तेथील राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात २००२ साली प्रवेश घेतला आणि त्या भारतातील पहिल्या अग्निशामक महिला ठरल्या. त्यांनी आगीत शिरायचे आणि आपण १०१ फिरवायलाही दुसऱ्याकडे पाहायचे, हे काही बरे दिसत नाही.

म्हणून मंडळापुढे माझ्या चार सूचना आहेत. प्रत्येक मजल्यास एक बाई प्रमुख नेमावी आणि ती घरी नसेल तेव्हाची दुसरीही ठरवावी. आगीच्या वेळी तिचाच शब्द चालेल. तेथे सासू-सून, मालक-भाडेकरू असा भेद नाही. फोन कोणी करायचा, विजेचा मुख्य खटका कोणी पाडायचा, कोणत्या म्हाताऱ्या माणसास कोणी धरून न्यायचे, हे कागदावर लिहून जिन्यापाशी लावावे. जिन्याखालची अडगळ आणि वाडीच्या तोंडाची वाहने हलवण्यासाठी सर्वांनी मिळून बोलावे. एकटीने बोलले की भांडण होते, मंडळाने बोलले की नियम होतो. आणि दर १४ एप्रिलला सारी चाळ रिकामी करून खाली अंगणात माणसे मोजावी. किती मिनिटे लागली ते लिहून ठेवावे.

हळदीकुंकवाला कोणी वाण वाटायचे आणि कोणी अत्तर लावायचे, हे आपण आठ दिवस आधी ठरवतो. मग जिवाच्या गोष्टीला तेवढा विचार नको का? मजल्यांच्या प्रमुख आजच्या सभेतच निवडाव्यात, अशी अध्यक्षीणबाईंना विनंती करून मी आपली रजा घेते.