मनाचं दुखणं



ताप आला की आपण दवाखान्याची पायरी बिनदिक्कत चढतो. पण पोराला रात्र-रात्र झोप नाही, सून एकटीच रडत बसते, असं म्हटलं की आपल्यातलंच कुणी विचारतं, "आता काय येरवड्याला न्यायचं?" विषय तिथंच संपतो. मग गुपचूप अंगारा येतो, तोही २२ प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरात!

अंगुत्तर निकायात भगवंतांनी रोग दोन सांगितले आहेत, कायेचा आणि मनाचा. मनाने क्षणभरही निरोगी असा माणूस अर्हतांवाचून विरळाच, असेही सांगितले. मग लाज कुणी कुणाची धरायची? पती, मुले, आईबाप गमावलेली पटाचारा भान हरपून फिरत होती. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले. पुढे तीच विनयधर भिक्खुणींत अग्र ठरली.

समुपदेशक आधी ऐकून घेतो. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. ध्यान जरूर करावे, परंतु त्यासाठी डॉक्टरांची गोळी बंद करू नये. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क मानला आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, मोफत बोलता येते.

पहिल्या खेपेला सोबत हवी असेल, तर वंदनेनंतर थांबा. आम्ही बरोबर येऊ.