प्रतिज्ञा ‘मी’पासून सुरू होते

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)

आपणांपैकी कोणी वासिंद-खर्डीकडून आगगाडीने, तर कोणी धसई-टोकावड्याकडून एसटीने येथे आला आहात. बहुतेकांच्या खिशात किंवा पिशवीत मोबाइल आहे. दीक्षेच्या दिवशी काढलेले छायाचित्र त्याच मोबाइलवरून नातेवाइकांकडे गेले. बुद्धाची प्रतिमा, बाबासाहेबांचे चित्र, भीमजयंतीची मिरवणूक ही सारी व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर रोज फिरत असतात. या साधनाने आपला धम्म दुसऱ्यास कसा सांगावा, हा माझा आजचा विषय आहे. विषय लहान दिसतो. पण ज्याने नुकतीच दीक्षा घेतली आहे त्याच्या घरचे सुख आणि शेजारचा सलोखा पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून आहे.

आपले म्हणणे जगापुढे मांडण्याचे साधन आपल्या समाजाला सहजासहजी मिळालेले नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत. १९३० साली ‘जनता’ आले आणि १९५६ साली त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. आज धसईच्या बाजारात किंवा खर्डीच्या फलाटावर उभा असलेला आपला मुलगा क्षणार्धात शेकडो लोकांना आपला विचार पाठवू शकतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मुके ठेवण्यात आले, त्यांच्या हाती वाचा आली आहे. तेव्हा बोलावे की बोलू नये, हा प्रश्न आता उरलेला नाही. कसे बोलावे, हाच प्रश्न आहे.

प्रथम हक्काची गोष्ट सांगतो; कारण नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबाच्या मनात भीती असते. गावकरी काय म्हणतील, ज्याच्याकडे मजुरीला जातो तो काय म्हणेल, ही ती भीती होय. आपल्या संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने भाषणाचे स्वातंत्र्य दिले आहे. २५व्या अनुच्छेदाने आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन आहे. प्रसार करणे म्हणजे आपली तत्त्वे दुसऱ्यास समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले. यात आपण काही गमावले असे मानण्याचे कारण नाही. ‘या आणि स्वतः पाहा’ असे सांगणाऱ्या धम्माला कोणास ओढून आणण्याची गरजच पडत नाही.

हा हक्क कागदावरचा आहे असेही समजू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर जो बंद झाला, त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर आपले मत लिहिले व दुसरीने त्यास पसंती दर्शविली. एवढ्यावरून दोघींना अटक झाली. पालघर त्या वेळी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. हे प्रकरण पाहून श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ घटनाबाह्य म्हणून रद्द झाले. मात्र हेतुपुरस्सर धार्मिक भावना दुखावणे आणि समाजासमाजांत वैर पसरविणे हे गुन्हे कायम आहेत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे २९९ व १९६ या कलमांत आहेत. म्हणजे आपले मत मांडण्यास भिऊ नका. पण मत आणि अपमान यांतील अंतर ओळखा.

हे अंतर आपल्या धम्माने फार पूर्वीच शिकविले आहे. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. सोपारा हे प्राचीन शूर्पारक बंदर. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तेही ठाणे जिल्ह्यातच होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात सापडला आणि नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, मिळाला. धम्म सार्वजनिक ठिकाणी, लोकांच्या भाषेत, सर्वांना दिसेल असा लिहिण्याची प्रथा आपल्या या मुलखात दोन हजार वर्षांहून जुनी आहे. ज्या चौदा लेखांच्या मालिकेतील हे तुकडे आहेत, त्याच मालिकेतील बाराव्या लेखात अशोकाने वाणीच्या संयमाचा उपदेश केला आहे. जो स्वपंथाच्या अभिमानापोटी परपंथाची निंदा करतो तो आपल्याच पंथाची हानी करतो, असा त्याचा आशय आहे. ज्याच्या हाती सारी सत्ता होती, त्याने आपल्या वाणीला बंधन घातले. मग हातात मोबाइल आहे एवढ्याने आपण बेबंद का व्हावे?

आता कोणी म्हणेल की, बावीस प्रतिज्ञांत आपण जुने देव आणि जुने विधी स्पष्ट शब्दांत नाकारले आहेत. ते सांगू नये काय? अवश्य सांगावे. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या त्या प्रतिज्ञांची रचना पाहा. मी मानणार नाही, मी करणार नाही, मी पाळीन. प्रतिज्ञा ‘मी’पासून सुरू होते, ‘तू’पासून नव्हे. तीत स्वतःला बांधून घेतलेले आहे, शेजाऱ्याला शिवी दिलेली नाही. ज्या शेजाऱ्याबरोबर आपण कालपर्यंत म्हशाच्या यात्रेला जात होतो, त्याच्या देवाचे विद्रूप चित्र आज त्यालाच पाठविणे, ही प्रतिज्ञेची पूर्ती नव्हे. त्याने आपला धम्म त्याला कळत नाही. आपला राग तेवढा कळतो. ‘मी श्राद्ध का सोडले’, ‘आमच्या घरी मुलीचा विवाह हुंड्याशिवाय आणि कर्जाशिवाय कसा झाला’, हे दोन ओळींत खरेखरे लिहा. ते वाचून विचार करणारा एक जरी निघाला तरी तुमचे लिहिणे सार्थ झाले.

दुसरी गोष्ट सत्याची. पंचशीलातील चौथे शील आपण रोज म्हणतो. तेच शील बोटांनाही लागू आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी काय झाले ते आठवा. मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या. त्या संशयाने जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, पोटासाठी गावोगाव हिंडणारी होती. त्या अफवा पुढे धाडणाऱ्या प्रत्येकाला आपण लोकांना सावध करीत आहोत असेच वाटले असेल. कालामांना उपदेश करताना भगवान बुद्धांनी सांगितले की, ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. मग ‘पुढे पाठवा’ असे लिहिले आहे म्हणून पुढे पाठविणारा बौद्ध कसा? बाबासाहेबांच्या नावावरही त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्ये खपविली जातात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. जे वाक्य तेथे किंवा अन्य विश्वसनीय ग्रंथात सापडत नाही, ते त्यांच्या नावाने पाठवू नका. आपल्या नेत्याच्या तोंडी खोटे घालणे हा त्याचा गौरव नव्हे.

तिसरी गोष्ट दुसऱ्याच्या संमतीची. ती आमच्या तरुणांनी विशेष लक्षात घ्यावी. दीक्षाविधी झाला की उत्साहाने सर्वांची छायाचित्रे नावानिशी प्रसिद्ध केली जातात. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या भगिनीने माहेरी अजून सांगितलेले नसेल. एखाद्याचा मालक, एखाद्याचा व्याही ही बातमी सरळ मनाने घेणारा नसेल. केव्हा आणि कोणास सांगावे, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे. तुमचे धैर्य दुसऱ्याच्या खात्यावर खर्च करू नका. विचारा, होकार मिळाला तरच प्रसिद्ध करा. आणि लहान मुलांच्या बाबतीत तर दुप्पट विचार करा.

चौथी गोष्ट आचरणाची. भुईगावात सापडलेल्या त्या नवव्या लेखाचा विषयच हा आहे. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात आणि त्यांचे फळ थोडे असते. खरे मंगल म्हणजे दास-सेवकांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान, असे अशोक सांगतो. रोज पहाटे फुलांच्या चौकटीत बुद्धप्रतिमा घालून ‘सुप्रभात’ पाठविणे, हा आपला नवा पोकळ विधी होऊ पाहत आहे. त्यात पाप नाही. पण धम्म तेवढ्यावर संपला, असे मात्र मानू नका. शहापूर तालुक्यातील भातसा, तानसा, मोडकसागर यांचे पाणी मुंबईला जाते आणि याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकर केव्हा येणार, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत कधी संपते, जातवैधतेला कोणती कागदपत्रे लागतात, हे ज्याने गटावर खात्री करून कळविले आणि कातकरी वा ठाकूर शेजाऱ्यालाही सांगितले, त्याने त्या दिवशी धम्ममंगल केले.

शेवटी, तुम्ही नीट बोललात तरी कोणी शिव्या देईल, त्याचे काय? सुनापरांताला निघालेल्या पुण्ण स्थविरांना भगवंतांनी हाच प्रश्न केला होता. परंपरा तो प्रदेश सोपाऱ्याच्या परिसराशी जोडते. तेथील लोक कठोर आहेत, ते निंदा करतील, मारतील, तर काय कराल? पुण्णांचे मन त्या प्रत्येक प्रश्नाला शांत राहिले, म्हणूनच त्यांना जाण्याची अनुज्ञा मिळाली. शिवीला शिवी हे उत्तर नव्हे. परंतु शांती म्हणजे अन्याय गिळणे, असा अर्थ कोणी काढू नये. मे २०१५ मध्ये शिर्डीत आपल्या एका तरुणाचा खून झाला. मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून तो वाद पेटल्याचे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. असे घडणाऱ्या देशात कायदा माहीत असणे हा स्वसंरक्षणाचा भाग आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीत स्थान मिळाले. म्हणून १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्यांनाही आहे. जातिवाचक शिवीगाळ किंवा धमकी आली, तर उत्तर देऊ नका आणि ती पुसूनही टाकू नका. पडद्याचे छायाचित्र घ्या, दिवस व वेळ टिपून ठेवा, दोन जाणत्या माणसांना दाखवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या.

धम्मबंधूंनो आणि भगिनींनो, सुभाषित वाणीची पाच लक्षणे भगवंतांनी सांगितली आहेत: ती योग्य वेळी बोललेली, सत्य, मृदू, हितकारक आणि मैत्रीच्या भावनेने बोललेली असते. आज घरी गेल्यावर ही पाच लक्षणे एका कागदावर लिहा आणि जेथे मोबाइल ठेवता तेथे चिकटवा. काही पाठविण्यापूर्वी त्या कागदाकडे एकदा पाहा. पाचांपैकी एकही लक्षण कमी पडत असेल, तर बोट आवरा. पाचही असतील, तर कोणाच्याही भीतीने थांबू नका. ज्यांनी आपणास वाचा मिळवून दिली, त्यांचे ऋण फेडण्याचा हाच मार्ग आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!