धुराच्या नळीचा जोड

छत्रपती संभाजीनगरची छावणी असो वा अहिल्यानगरचे रणगाडा प्रशिक्षण केंद्र, लष्करी वाहनाचे ब्रेक, टायर आणि तेलपाणी जितक्या काटेकोरपणे तपासले जाते, तितक्याच काटेकोरपणे इंजिनापासून सायलेंसरपर्यंतच्या धुराच्या नळीचे जोड तपासले गेले पाहिजेत. इंधन अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही की वास नाही, त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही, हा समज जिवावर बेततो. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा हा वायू कमी सोडते हे खरे, परंतु बंद शेडमध्ये तोही साठत जातो.

रक्तातील हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारे तांबडे द्रव्य, ही छत्रपती संभाजीनगरची शहर बस मानावी. प्राणवायू हा सिडकोला चढून क्रांती चौकात उतरणारा प्रवासी होय. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्याच्या २०० पटींहून अधिक जोराने जागा धरतो आणि सहजासहजी उठत नाही. असे प्रवासी थोडे थोडे चढत राहिले तरी बस भरते आणि मेंदू व हृदय या थांब्यांवर प्राणवायू उतरेनासा होतो. बाहेरून मात्र बस भरलेलीच दिसते, आणि म्हणूनच बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटरही फसून चांगला आकडा दाखवते.

१९१६ साली सॉमच्या रणभूमीवर उतरलेल्या पहिल्या ब्रिटिश रणगाड्यांत इंजिन आणि सैनिक एकाच बंदिस्त जागेत असत, आणि इंजिनाच्या धुराने सैनिकांना भोवळ येई. तोफा-बंदुकांच्या माऱ्यातूनही हाच वायू निघतो.

पुन्हा जोडाकडे वळणे आवश्यक आहे. मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतील धूर एकत्र करणारा भाग, जेथे इंजिनाला जोडलेला असतो, त्या गॅस्केटपाशी थंड इंजिनावर काजळीची काळी रेघ दिसली, तर तेथून धूर गळत आहे असे समजावे. केबिनच्या तळातील केबलच्या भोकांची रबरे निसटलेली नसावीत. ट्रकची ताडपत्री पुढून बंद आणि मागून उघडी असेल, तर चालत्या ट्रकच्या मागे हवेचा दाब घटून धूर आत ओढला जातो. कोळशाचा साधा मुखवटा हा वायू अडवत नाही, हे जवानांनी पक्के ध्यानात ठेवावे. इंजिन सुरू ठेवून वाहनात झोपणे तर सर्वथा टाळावे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात डोकेदुखी आणि मळमळ उन्हावर ढकलली जाते. परंतु एकाच वाहनातील दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर उन्हाला बोल लावण्याआधी इंजिन बंद करावे, सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास ४ ते ५ तास लागतात, तर शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे दीड तास पुरतो.