छोट्या रणगाड्याचा नंबर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या छंद-प्रदर्शनात दिलेले व्याख्यान. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



पंचवीस वर्षांत या सभागृहात मी बोललो ते बहुतेक देखभाल खर्च, लेखापरीक्षण आणि पाण्याची टाकी यांवर. आज पहिल्यांदाच थकबाकी सोडून दुसऱ्या विषयावर बोलायची परवानगी मिळाली आहे. त्याबद्दल समितीचे आभार.

तिकडे टेबलावर नऊ रणगाडे आणि दोन लष्करी ट्रक मांडले आहेत. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून आणि रंगवून केलेले. प्रमाण १:३५. म्हणजे खऱ्या गाडीचे पस्तीस सेंटिमीटर ते इथे एक सेंटिमीटर. सेंच्युरियन रणगाडा तोफेची नळी सोडली तर साधारण साडेसात मीटर लांब. टेबलावर तो एकवीस सेंटिमीटरचा झाला, वहीएवढा. सकाळपासून जे बघून गेले त्यांनी दोनच प्रश्न विचारले. मोठ्यांनी विचारलं, "केवढ्याला पडलं हे?" आणि मुलांनी विचारलं, "आजोबा, एवढं बारीक कसं काय लिहिलात?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या सौभाग्यवती पुढच्याच रांगेत बसल्यात म्हणून देत नाही. दुसऱ्याचं देतो.

ते मी लिहिलेलंच नाही. खऱ्या गाडीवरचं सात सेंटिमीटरचं अक्षर इथे दोन मिलिमीटरचं होतं. सत्तरी ओलांडलेल्या हाताने ते लिहिणं शक्य नाही. ते चिकटवलेलं आहे. त्याला डेकल म्हणतात. आमच्या लहानपणी याच जातीची चित्रं मिळत. त्यांना आम्ही 'ट्रान्सफर' म्हणायचो, पाण्यात भिजवून वहीच्या पुठ्ठ्यावर फुलं-पाखरं उतरवायचो. खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर अगदी पातळ पारदर्शक पापुद्रा आणि पापुद्र्यावर छपाई. पाण्यात भिजलं की डिंक सुटतो आणि पापुद्रा कागदावरून सरकतो. एवढंच त्याचं शास्त्र.

आता कोणी म्हणेल, रणगाडा झाला, रंग झाला, मग या दोन मिलिमीटरच्या अक्षरांचं एवढं काय?

बँकेत असताना कर्जावर घेतलेल्या ट्रॅक्टरांची पाहणी करायला गावोगाव जावं लागे. माणसं प्रेमाने चहा पाजायची, अंगणात उभा असलेला ट्रॅक्टर दाखवायची. कंपनी तीच, रंग तोच. पण आमचे एक जुने मॅनेजर सांगायचे, "चहा घ्या, पण आधी चेसिस नंबर घ्या." कारण अंगणातला ट्रॅक्टर मेव्हण्याचाही असू शकतो! नंबर जुळला तरच तो आपल्या कागदावरचा ट्रॅक्टर.

रणगाड्याचंही तसंच आहे. आपल्या लष्कराच्या गाड्यांच्या पाट्या तुम्ही हायवेवर पाहिल्या असतील. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं आणि वर टोक केलेला बाण. सरकारी मालमत्तेवर बाण उमटवण्याची इंग्रजांची जुनी पद्धत होती, ती तशीच राहिली. बाणाच्या पुढचे दोन आकडे गाडी लष्करात कोणत्या वर्षी दाखल झाली ते सांगतात. मग अक्षर, अनुक्रमांक, शेवटी पुन्हा एक अक्षर. याशिवाय रेजिमेंटची खूण, ब्रिगेडची किंवा डिव्हिजनची खूण, आणि कधीकधी रणगाड्याला दिलेलं स्वतःचं नाव.

टेबलावर मधोमध जो सेंच्युरियन आहे त्याचं नाव 'फामागुस्ता', क्रमांक जेएक्स २०२. फामागुस्ता हे सायप्रस बेटावरच्या एका बंदराचं नाव. पूना हॉर्स रेजिमेंटचा हा रणगाडा. १९७१च्या युद्धात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात होते. जन्म पुण्याचा, वय एकवीस, लष्करात कमिशन मिळून जेमतेम सहा महिने झालेले. १६ डिसेंबर १९७१ला बसंतर नदीच्या लढाईत रणगाड्याला आग लागल्यावर वरिष्ठांनी वायरलेसवरून बाहेर पडायला सांगितलं. तोफ अजून चालतेय, असं कळवून ते आतच थांबले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. रणगाड्यात त्यांच्यासोबत तीन जवान होते, त्यांतले नंदसिंगही गेले. तो खरा फामागुस्ता आज अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवला आहे. त्याच शहरात १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. मुलांना सुट्टीत शिर्डीला नेता, तेव्हा एक दिवस तिकडेही काढा.

त्या वर्षी सेंच्युरियन अनेक होते. त्यावरून ही अक्षरं काढली, तर टेबलावर उरतो कोणताही एक सेंच्युरियन. ती लावली की त्यात चार माणसं बसतात. म्हणून डेकल लावण्याआधी मला ते तपासावंसं वाटतं.

तपासायचं म्हणजे काय, याचं एक उदाहरण सांगतो. पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनची खूण हत्ती, आज तिला ऐरावत डिव्हिजन म्हणतात. १९६५ मध्ये पूना हॉर्स या डिव्हिजनमध्ये लढली. तेव्हा तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर. हैदराबाद विलीन होण्यापूर्वी ते निजामाच्या फौजेत, हैदराबाद लान्सर्समध्ये होते. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मग कुणाला वाटेल, पूना हॉर्सचा रणगाडा आहे तर फामागुस्तावर हत्ती लावून टाकू, छान दिसेल. पण १९७१ मध्ये हीच रेजिमेंट सोळाव्या स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेडखाली होती, आणि त्या ब्रिगेडचे प्रमुख होते आपले अरुणकुमार वैद्य, पुढे सरसेनापती झाले ते. हत्ती तिथे बसत नाही. शिवाय युद्धात अशा खुणा झाकून टाकायचीही रीत असते. रेजिमेंट तीच, रणगाडा त्याच जातीचा, पण सहा वर्षांत खूण बदलली. व्हाउचरवर सही बरोबर आणि तारीख चुकीची असेल तर ते पास होत नाही, तसं हे.

याच वैद्यसाहेबांनी १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्सचं नेतृत्व केलं. त्या रेजिमेंटकडे तेव्हा जुने शर्मन रणगाडे होते आणि समोर होते नवेकोरे पॅटन. ही डेक्कन हॉर्स मुळात हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातून आली. त्या कंटिंजंटच्या छावण्या होत्या आपल्या हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला. मुखेडच्या माणसाला रणगाड्यांचं काय, असं विचारणाऱ्यांना मी हे सांगतो. आणि पोलीस अ‍ॅक्शनमध्ये १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून नळदुर्गवर जे भारतीय सैन्य आलं, त्यातही रणगाडे होते. आपल्या वडिलांच्या पिढीने ते दिवस काढलेत.

आता ही डेकल मिळवायची कुठून? अडचण अशी की मॉडेलच्या पेटीत जी येतात ती परदेशी. शर्मनच्या पेटीत अमेरिकेचा पांढरा तारा, सेंच्युरियनच्या पेटीत इंग्रजांच्या खुणा, टी-५५च्या पेटीत सोव्हिएत. भारतीय खुणा क्वचित. वेगळी छापलेली डेकल काही ठिकाणी विकत मिळतात, पण आपल्याला हवा तोच नंबर मिळेल याची खात्री नसते. पेटीतली परकी डेकल मी टाकत नाही. त्यातले सुटे आकडे उपयोगी पडतात. वर्तमानपत्रातली अक्षरं कापून जोडावीत तसा नंबर जुळवायचा.

तिसरा मार्ग घरी छापण्याचा. डेकलचा कोरा कागद मिळतो. लेझर प्रिंटरसाठी वेगळा, इंकजेटसाठी वेगळा. मुखेडमध्ये मी तो घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो की पोरगं घाबरतं. "काका, हे आत अडकलं तर मशिनची वाट लागंल." त्याला पाकिटावरचं 'लेझर' हे अक्षर दाखवावं लागतं. इंकजेटवर छापलं तर शाई पाण्यात पसरते. म्हणून छपाई वाळल्यावर पारदर्शक वॉर्निशच्या फवाऱ्याचे दोन-तीन पातळ हात द्यायचे, एक दिवस तसंच ठेवायचं आणि मगच पाण्यात घालायचं.

सगळ्यात मोठी अडचण पांढऱ्या रंगाची. आपल्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. कागदाचा पांढरेपणा तोच त्याचा पांढरा. पारदर्शक डेकलवर पांढरं अक्षर छापायला सांगितलं तर काहीच उमटत नाही. मग पांढऱ्या पापुद्र्याचा कागद घ्यायचा, काळी पट्टी छापायची आणि अक्षरांची जागा कोरी सोडायची. नंबरप्लेट होते. कापल्यावर कडेला पांढरी रेघ दिसते, ती काळ्या मार्करने पुसट करायची. नावासाठी हे जमत नाही, कारण मागे रणगाड्याचा हिरवा रंग असतो आणि छापलेला हिरवा त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही. अशा वेळी पांढरी सुटी अक्षरं विकत घेऊन जोडणं बरं.

आता लावण्याची रीत. मुलांनो, हे नीट ऐका.

रणगाड्याचा रंग मंद असतो, चकाकत नाही. अशा पृष्ठभागाला सूक्ष्म खडबडीतपणा असतो. त्यावर थेट डेकल लावलं तर खाली हवा अडकते आणि पापुद्रा चंदेरी दिसतो. म्हणून आधी जिथे डेकल लावायचं तिथे चकाकणारं वॉर्निश द्यायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. डेकल कापताना छपाईच्या अगदी जवळून कापायचं. चिमट्याने धरून कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवायचं, बाहेर काढून मिनिटभर ठेवायचं. आपल्या बोअरचं पाणी जड आहे. वाळल्यावर पांढरे डाग सोडतं, आपल्या नळांवर दिसतात तेच. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा.

मॉडेलवर जागेवर पाण्याचा थेंब ठेवायचा. कागद शेजारी टेकवून ओल्या ब्रशने डेकल सरकवायचं. ओढायचं नाही. सरळ बसलं की कापसाच्या काडीने मधून कडेकडे पाणी टिपायचं. खिळे, उंचवटे असतील तर डेकल मऊ करणारं द्रावण मिळतं, ते हलक्या हाताने लावायचं. लावल्यावर डेकलला सुरकुत्या पडतात, बघणारा घाबरतो. त्या वेळी बोट लावायचं नाही. वाळता वाळता ते आपोआप ताणून बसतं. मे महिन्यात हे काम पहाटे करा आणि पंखा बंद ठेवा. नाहीतर अर्ध्यातच वाळून जातं. दुसऱ्या दिवशी वर मंद वॉर्निश दिलं की चकाकी जाते आणि अक्षर रंगवल्यासारखं दिसतं.

शेवटी त्या कोपऱ्यातल्या टी-५५ बद्दल सांगतो. आपल्या तालुक्यातल्या एका गावचे निवृत्त फौजी, टी-५५चे चालक होते. त्यांचा मुलगा आपल्याकडे भाड्याने राहायचा. एकदा मामा घरी आले, कपाटातले रणगाडे बघितले. बाकी काही न विचारता म्हणाले, "साहेब, ह्याचा नंबर कुठाय?" मी म्हणालो, "तुमच्या गाडीचा सांगा, लावू." त्यांनी आकडे तिथेच सांगितले, तीस-पस्तीस वर्षांनंतर. स्वतःचा मोबाइल नंबर मात्र त्यांना मुलाला विचारावा लागे. पण शेवटचं अक्षर काही केल्या आठवेना. घरी एक फोटो होता, रणगाड्यापुढे चौघे उभे, आणि नेमकं त्या अक्षरापुढे एकाचा पाय.

मुलगा म्हणाला, "कोणतंही टाका काका, कोण बघायलंय." मामा बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मी पाहिला. ज्यांना बघायचं होतं ते समोरच बसले होते. मी पाटीवर आठवले तेवढे आकडे लावले आणि शेवटच्या जागेवर चिखल दिला. रणगाड्याच्या पाटीवर चिखल नसला तरच नवल! मामांनी भिंग घेऊन बघितलं आणि म्हणाले, "हा, असाच असायचा. धुवायचं काम माझंच होतं." ते पुढच्या वर्षी गेले. मॉडेल त्यांच्या घरी आहे, प्रदर्शनापुरतं मुलाने आणून दिलं. नंबर मी इथे छापत नाही, तो त्या घरचा आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या सोसायटीत आणि तालुक्यात फौजेतून आलेली पुष्कळ माणसं आहेत. त्यांच्या ट्रंकेत फोटो आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जाऊ देऊ नका. ती माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. उभे कोण, गाव कोणतं, साल कोणतं, गाडीचा नंबर काय. जे आठवत नाही ते कोरं सोडा, अंदाजाने भरू नका. मॉडेल करणं न करणं नंतरचं.

आणि मुलांसाठी : दर रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या घरी या. चिमटे चार आहेत, आळीपाळीने घ्यावे लागतील. येताना हात धुऊन या.